चाराचं झाड ओळखायचं कसं अन् गुठलीपासून रोप करायचं कसं

चारोळी सगळ्यांना माहीत आहे, श्रीखंडावर टाकायची, बासुंदीत टाकायची, अन् किराण्यातून छोटं पाकीट घेताना पण भाव ऐकून दोनदा विचार करायचा. पण ती ज्या झाडाची, ते चाराचं झाड समोर उभं असलं तरी आजकालच्या पोरांना ओळखू येत नाही, अन् यात पोरांचा काही दोष नाही, गावाजवळ झाडच उरलं नाही तं ओळखणार कुठून. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, तिकडं मेळघाट, सगळीकडं चार आहे पण आत जंगलात. धुऱ्यावरचे म्हणजे शेताच्या बांधावरचे गेले, गावालगतच्या झुडपी जंगलातले गेले. मोहाला कोणी सहसा कुऱ्हाड लावत नाही कारण त्याच्यावर घराचे चार पैसे येतात, चाराला तेवढी माया कोणी लावली नाही. म्हणून ओळखण्यापासून रोप लावण्यापर्यंत सगळं एका जागी लिहून ठेवतो, ज्याच्या मनात असेल त्यानं येत्या उन्हाळ्यातच सुरुवात करावी.

पहिले कुळाचं बोलू. फळाचा आकार-रंग बघून काही जण याला जंगली चेरी म्हणतात. दिसतं पण तसंच, छोटं गोल, पिकलं की काळं-जांभळं, आत एकच कडक गुठली. पण चेरी गुलाबाच्या कुळातली अन् चार आंब्याच्या कुळातला, म्हणजे आंबा, काजू, बिबा, मोवई हे त्याचे भाऊबंद. शास्त्रीय नाव बुकॅनानिया लॅन्झान, जुन्या पुस्तकात बुकॅनानिया लॅटिफोलिया असं पण सापडते, अन् ते बुकॅनानिया आलं फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. शहरात शाळेच्या अंगणात लाल गोड फळांचं 'सिंगापूर चेरी' नावाचं जे झाड लावतात ते तं तिसऱ्याच कुळाचं, त्याच्या फळात गुठली नसतेच, बारीक बारीक असंख्य बिया असतात. तेव्हा ही तिन्ही वेगळी, मिसळायची नाहीत.

आता हे कुळ माहीत असून फायदा काय? फायदा आहे. आंब्याची कोय कशी जास्त दिवस ठेवली की उगवत नाही, तीच गोष्ट चाराची. आत तेलकट दाणा आहे, जवळपास अर्धं वजन तेलाचंच, तो जुना झाला की मरतो. रोपं करताना निम्म्या लोकांचं इथंच फसतं, ते पुढं सांगतो.

ओळख पटवायची कशी

सालीवरून सुरू करा पण सालीवर थांबू नका. मोठ्या चाराची साल काळपट-करडी, उभ्या-आडव्या खोल भेगा पडून छोटे छोटे चौकोन झालेले, मगरीच्या पाठीसारखी. पण गोम अशी आहे की ऐनाची साल पण अशीच भेगाळलेली असते अन् तेंदूची पण काळी, चौकोनी तुकड्यांची. हे तिघंही आपल्या जंगलात एकमेकांच्या शेजारी उभे राहतात, त्यामुळं नुसती साल बघून 'चार सापडला' म्हणणारा माणूस हमखास ऐनाखाली उभा असतो.

मंग पान हातात घ्या, तोडायची गरज नाही, फांदी वाकवून बघा. चाराचं पान जाड अन् चिवट, वीतभर लांब, रुंदी त्याच्या निम्मी, अन् टोक टोकदार नसतेच, बोथट गोल असते, कधी तं मधोमध बारीकशी खाच पण दिसते. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूला सरळ समांतर शिरा निघतात, दहा ते वीस जोड्या, पान उजेडाकडं धरलं की एकदम स्पष्ट दिसतात. पानं फांदीवर एकाआड एक लागतात. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तं मऊ लव लागते. ऐनाचं पान उलटं करून देठाजवळ बघा, तिथं दोन बारीक गाठी असतात, चाराला त्या नाहीत. शिवाय ऐनाची पाच पंखांची वाळकी फळं झाडाखाली कित्येक महिने पडलेली दिसतात, ती दिसली की विषय संपला. तेंदूचं फळ पिवळं अन् बुडाशी टोपी धरून असलेलं, ते तं आपल्याकडं लहान लेकरू पण ओळखते.

आता जरा जपून वाचा, कारण ही माहिती कामाची आहे. चाराचा भाऊबंद बिबा पण याच जंगलात असतो अन् त्याचंही पान असंच जाड, बोथट टोकाचं, समांतर शिरांचं. पण बिब्याचं पान बरंच मोठं, हातभर लांब पण होते, अन् खालची बाजू राखाडी-पांढुरकी दिसते. शंका असेल तं ते झाड खरवडायचं नाही, फांदी मोडायची नाही, चीक अंगाला लागू द्यायचा नाही. बिब्याचं तेल-चीक लागून अंगावर फोड आलेले ज्यानं पाहिले त्याला वेगळं सांगायला नको. लेकरांना सोबत नेत असाल तं हे पहिले सांगून ठेवा अन् मंगच झाडाला हात लावू द्या.

चाराच्या सालीला थोडं खरवडलं तं आतून लालसर रंग दिसते, पण मी म्हणतो की पानावरून ओळख पटत असेल तं खरवडायचं कशाला. जखम झाली की त्यातून डिंक वाहते, लोक तो गोळा करतात, अन् वारंवार घाव बसलेलं झाड खंगते. डिंकासाठी घाव घालून घालून वाळवलेले चार मी पाहिले आहेत, फार वाईट वाटते.

फुलोरा पाहायचा असेल तं जानेवारी ते मार्चच्या मध्ये जा. फांद्यांच्या टोकाला अन् पानांच्या बगलेतून दाट तुरे येतात, खाली रुंद वर निमुळते. एक फूल घेतलं तं ते इतकं लहान, हिरवट-पांढरं, की उघड्या डोळ्यानं नीट दिसत नाही, दहा रुपयाचं भिंग सोबत ठेवा किंवा मोबाईलचा कॅमेरा जवळ न्या. पाच पाकळ्या दिसतील, पाकळ्या मागं वळलेल्या, दहा पुंकेसर, अन् मधात स्त्रीकेसराचे पाच तुकडे. यातली गंमत अशी की पाचातला एकच फळ धरायच्या लायकीचा असतो, बाकीचे चार वांझ, नुसते नावाला. खऱ्या चेरीच्या फुलात स्त्रीकेसर एकच असतो अन् पुंकेसर ढीगभर, म्हणजे फळ सारखं दिसलं तरी फुलात दोघांचा हिशोब पूर्ण वेगळा. शंका आली की फुलापाशी जायचं, फूल खोटं बोलत नाही. अन् तुरा फुललेला असताना झाडाखाली दोन मिनिटं उभे राहा, मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो.

फळ एप्रिलच्या शेवटी पिकायला लागते अन् मे महिनाभर, कुठं कुठं जूनच्या तोंडापर्यंत राहते. व्यास एक सेंटिमीटरच्या आसपास, थोडं दबलेलं गोल, आधी हिरवं, मंग लालसर छटा, अन् शेवटी काळं-जांभळं. गर थोडाच असते पण गोड-आंबट, जीभ जांभळी होते. खाऊन झाल्यावर गुठली फेकू नका, ती बघा. दोन्ही बाजूनं थोडी चपटी, कडक, अन् कडेनं सगळीकडं एक बारीक शिवण गेलेली. त्या शिवणीवर नेमका ठोका बसला की गुठली दोन वाट्यांत उघडते अन् आत चारोळीचा दाणा. ही शिवण लक्षात ठेवा, पेरणीच्या वेळी कामी येते.

फळं कधी अन् कशी गोळा करायची

चाराचं वाटोळं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे घाई. मी नाही तोडलं तं दुसरा तोडून नेईल, या भीतीनं लोक फळ हिरवं असतानाच ओरबाडतात, कधी अख्ख्या फांद्याच खाली पाडतात. कच्च्या फळाचा दाणा भरलेला नसतो, वजन कमी, चव कमी, व्यापारी भाव पाडून घेतो, अन् बी म्हणून तं तो शून्य. शिवाय फांदी गेली म्हणजे पुढच्या वर्षीचा तुरा पण गेला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगतात, "काळं झाल्याशिवाय हात लावू नोको बाप्पा, थे झाडच देते खाली." यात सगळं आलं. खाली जुनं लुगडं नाही तं ताडपत्री टाका, फांदी हलक्या हातानं हलवा, जे पिकलं ते पडते, जे नाही पडलं ते आठ दिवसांनी. अन् दर झाडाखाली थोडी फळं सोडून या, ती पाखरांची अन् अस्वलाची, अन् तिथूनच पुढचं झाड उगवते.

अस्वलाचं नाव काढलं म्हणून सांगतो. चार, तेंदू, मोह ही सगळी अस्वलाच्या आवडीची फळं-फुलं, अन् चंद्रपूर-गडचिरोलीकडं वाघ पण आहे. उन्हाळ्यात मोहफूल वेचायला, तेंदूपत्त्याला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात, दरवर्षी ऐकतो आपण. एकट्यानं जायचं नाही, अंधारात जायचं नाही, चार-पाच जण मिळून बोलत-आवाज करत जायचं, वाकून वेचताना एक जण उभा राहून चौफेर बघणारा पायजे. चारोळी कितीही महाग असली तरी जिवाहून महाग नाही.

कायद्याचं पण नीट समजून घ्या. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाट इथल्या अभयारण्याच्या आत जाऊन फळं गोळा करायची नाहीत. बाहेरच्या जंगलात २००६ च्या वनहक्क कायद्यानं पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर, म्हणजे फळं-फुलं-डिंक अशा लाकूड सोडून बाकी वस्तूंवर, हक्क दिला आहे अन् सामूहिक हक्क मिळाला असेल तं ग्रामसभा नियम ठरवू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये असा हक्क मिळवला, १८०० हेक्टरच्या वर जंगल. तुमच्या ग्रामसभेनं एक साधा ठराव घेतला की अमुक तारखेच्या आधी चार कोणी तोडायचा नाही, तं निम्मं काम झालं, कारण मंग दुसरा नेईल ही भीतीच राहत नाही. भावाचं म्हणाल तं २०२० मध्ये केंद्रानं चाराच्या गुठलीची किमान आधारभूत किंमत किलोला १२६ रुपये केली होती. दाणा काढून विकला तं बाजारात त्याच्या कितीतरी पट भाव मिळते, म्हणून गुठली तशीच विकण्यापेक्षा गावातच फोडली तं पैसा गावात राहते.

फोडायची रीत सोपी आहे पण हात बसावा लागतो. पिकलेली फळं रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी हातानं नाही तं पोत्यावर घासून साल-गर काढा, स्वच्छ धुवा, उन्हात कडक वाळवा, अन् जात्यात हलक्या हातानं भरडा, दाब जास्त झाला तं दाण्याचे तुकडे होतात. मंग सुपानं पाखडून टरफल वेगळं. दाणा एकदा उघडा पडला की तेलामुळं लवकर खवट होते, म्हणून साठवायचं असेल तं गुठलीतच ठेवा अन् लागेल तशी फोडा.

पेरणी

आता मुख्य काम. बी म्हणून वापरायची गुठली वेगळी काढायची, ती त्या भरडायच्या ढिगातून घ्यायची नाही. भरघोस फळं येणारं, निरोगी झाड बघून ठेवा, त्याची पूर्ण काळी, आपोआप पडलेली फळं घ्या. गर त्याच दिवशी धुवून टाका, गराला बुरशी लागते अन् मुंग्या येतात. मंग गुठल्या पाण्यात टाका, ज्या वर तरंगल्या त्या पोकळ, काढून फेका. बुडालेल्या घ्या अन् सावलीत वाळवा, उन्हात नाही. उन्हात वाळवलेली गुठली खायच्या कामाची, पेरायची सावलीतली.

अन् पेरायची ती ताजी. मे महिन्यात गोळा केली तं जूनमध्ये पिशवीत गेलीच पायजे. डब्यात घालून पुढच्या वर्षी पेरू म्हणाल तं क्वचितच एखादी उगवेल. टरफल फार कडक आहे, पाणी आत जायला वेळ लागते, अन् तोपर्यंत आतला दाणा सडून जाते, म्हणून नुसती पुरली तं उगवण कमीच राहते. यावर उपाय म्हणजे ती शिवण. गुठली एक दिवस एक रात्र पाण्यात भिजवा, मंग सपाट दगडावर शिवण वर करून उभी धरा, चिमट्यानं धरली तं बोट वाचते, अन् छोट्या हातोडीनं शिवणीवर हलकासा टोला द्या. कट् असा आवाज आला अन् फट दिसली की थांबा, गुठली पूर्ण उघडायची नाही, दाण्याला लागलं तं गेलं. फट पडलेली गुठली लगेच पेरायची, उद्यावर ठेवायची नाही, तेलाच्या वासानं मुंग्या रात्रीतून पोकळ करून टाकतात. ज्यांना हे किचकट वाटते त्यांनी दुप्पट गुठल्या नुसत्या भिजवून पेराव्या, काही तं येतीलच, पण थोडं बी हाताशी असेल तं टोल्याचीच पद्धत वापरा.

पिशवी लांब घ्या. याचं सोटमूळ पहिल्यापासून खोल जायला बघते, बुटक्या पिशवीत ते गोल गोल गुंडाळते अन् असं रोप जमिनीत लावल्यावर वर्ष-दोन वर्षांनी वाळून जाते, लोक म्हणतात पाणी कमी पडलं, पण घोटाळा मुळाचा असते. निदान फूटभर उंच पिशवी, खाली-बाजूला छिद्रं. माती म्हणजे लाल माती किंवा जंगलातली वरची भुसभुशीत माती, तेवढीच रेती, अन् चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं शेणखत घातलं तं हुमणी येते. गुठली एक-दीड सेंटिमीटर खोल, जास्त नाही. वर वाळलेल्या गवताचा पातळ थर, पाणी झारीनं. पाणी साचू द्यायचं नाही, चाराला ओल चालते पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, मूळ कुजते. खारुताई अन् उंदराचा त्रास असेल तं वरून जाळी टाका.

उगवल्यावर पहिले काही आठवडे अर्धी सावली द्या, मंग हळूहळू उन्हाची सवय लावा. वाढ एकदम सावकाश आहे, सागवानाच्या रोपाशी तुलना करून नाराज होऊ नका, वर काही दिसत नसलं तरी खाली मूळ उतरत असते. त्याच पावसाळ्यात लावायची घाई नको, पिशवीतच वर्षभर सांभाळून पुढच्या पावसाळ्यात लावा, अन् मधात एक-दोनदा पिशव्या उचलून जागा बदला म्हणजे मूळ पिशवी फोडून जमिनीत जाणार नाही.

जागा अन् राखण

चाराला मुरमाड, खडकाळ, उताराची जमीन चालते, जिथं दुसरं काही धड येत नाही तिथं पण हा उभा राहते. नाही चालत ती धानाची बांधी, अन् पाणी धरून ठेवणारी चोपण काळी जमीन. शेतात लावायचा तं उंच धुऱ्यावर लावा. दीड-दोन फुटाचा खड्डा मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्या, पहिला दमदार पाऊस झाला की पिशवी फाडून, मातीचा गोळा न फोडता लावा. दोन झाडांत सात-आठ मीटर अंतर ठेवा, कारण मोठा झाला की पसरते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागते, आठवड्यातून एकदा पण खोल, अन् आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन.

गुरं अन् शेळ्या कोवळे शेंडे सोडत नाहीत, बोरीच्या नाही तं बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा, फुकट आहे अन् तारेपेक्षा बरं. पण सगळ्यात मोठा दुश्मन आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलासाठी खालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूला नवीन फुटवे यावे म्हणून आग लावतात, धुऱ्यावरचं गवत पेटवतात, त्यात मोठं झाड वाचते पण गुडघाभर रोप जाते. जंगलात म्हातारे चार दिसतात अन् पोरगे दिसत नाहीत, त्याचं उत्तर बरंचसं या आगीत आहे. फेब्रुवारीतच रोपाभोवती तीन-चार फूट गोल जागा खरवडून साफ ठेवा. जंगलात आधीच उगवलेली रोपं सापडली तं ती उपटून घरी आणू नका, सोटमूळ तुटते अन् जगत नाहीत, उलट त्यांच्याभोवती अशीच जागा साफ करून काटे लावा, नवीन लावण्यापेक्षा हे काम स्वस्त अन् खात्रीचं. तोडलेल्या चाराच्या बुंध्याला धुमारे फुटतात, ते पण कापू नका, एक-दोन जोमदार ठेवून बाकी काढा.

बियापासून केलेलं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं तरी लागतात, शिवाय आईसारखंच फळ देईल याची खात्री नाही. ज्यांना शेती म्हणून लावायचं त्यांनी कलमाचा विचार करावा. तुमचंच वर्षभराचं रोप खुंट म्हणून, म्हणजे खालचा मुळाचा भाग म्हणून, घ्या अन् चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी आणून पावसाळ्यात कोवळ्या शेंड्यावर पाचर कलम करा, आंब्याची कलमं बांधणारा माणूस गावात असेल तं त्याला हे शिकवावं लागत नाही. गुजरातमध्ये गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्रीय उद्यानविद्या केंद्रानं 'थार प्रिया' नावाचा चारोळीचा वाण काढला आहे, कलमं मिळतात का ते आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठेवा. पण माझं मत असं की सगळीकडं एकच वाण लावण्यापेक्षा आपल्याच जंगलातले दोन-तीन चांगले चार हेरा, ज्याचं फळ मोठं अन् दाणा भरलेला, त्यांना चुन्यानं खूण करा, अन् काड्या त्यांच्याच घ्या. खूण करायची तं मे महिन्यात, फळ झाडावर असताना, कारण काडी आणायला जाल तेव्हा पावसाळ्यात सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात.